ढवस गुरुजींचे सव्वीस सेकंद, शंकरचे एकोणीस

अर्जदार : बापूराव महादेव काळे, अर्जनवीस, मुक्काम बेला, जिल्हा आदिलाबाद. शिक्षण नववीपर्यंत, अनुभव एकतीस वर्षांचा.

ज्यांच्याविषयी : कै. विठ्ठल सखाराम ढवस, निवृत्त शिक्षक, मराठी शाळा, राहणार सदर.

प्रसंग : नेपच्यूनच्याही पलीकडे फिरणारा एक गोळा एका ताऱ्यासमोरून गेला व तो तारा काही सेकंद दिसेनासा झाला.

दिनांक : ज्या दसऱ्याला आमच्या एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, त्यानंतरच्या पौषातील एक शनिवार, सायंकाळी साडेसातनंतर.

साक्षीदार : शंकर निकोडे, कोळसा खाणीत फिटर, मंचेरियल, काशीबाई विठ्ठल ढवस, शेजारचे शेतकरी उत्तम बोढे, आणि खुद्द अर्जदार.

गुरुजींचे समग्र चरित्र लिहिण्याचा माझा अधिकार नाही व तसा हेतूही नाही. ते कोठे जन्मले, किती शिकले, किती मुले पुढे नोकरीला लागली, हे सांगणारे गावात पुष्कळ आहेत. मला जे ठाऊक आहे ते मंडल कार्यालयाच्या, म्हणजे आमच्या तालुका कचेरीच्या, फाटकासमोरील माझ्या पत्र्याच्या छपरीतून दिसलेले आहे, आणि त्याचा काही भाग असा आहे की तो माझ्याखेरीज कोणी सांगू शकत नाही.

गुरुजी उंच होते आणि मानेत किंचित वाकलेले. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत, त्यामुळे वेळ पाहताना ते तळहात वर करीत व समोरच्याला वाटे की हे काही मागत आहेत. वेळेबद्दल त्यांचा आग्रह असा होता की माणसे त्यांच्यासमोर वेळ सांगण्यास कचरत. मी एकदा सहज म्हणालो, "पावणेदहा वाजले, गुरुजी." त्यावर ते म्हणाले, "पावणेदहा वाजत नसते बापू. तो तुझा अंदाज आहे. वाजले नऊ त्रेचाळीस." आदिलाबादची बस कधी गेली असे कोणी विचारले तर ते मिनिटांसकट सांगत आणि कंडक्टरने नाकारले तर वहीतील नोंद दाखवीत.

काशीबाईंना या सर्वाचा मनस्वी कंटाळा होता. त्या मला म्हणत, "यायले लग्नाची तारीख ध्यानात नाही. पण मुहूर्ताले भटजी चार मिनटं उशिरा आला, ते आजवर ध्यानात आहे."

"साडेचार," गुरुजी आतून म्हणत.

जिल्हे फुटले तेव्हा माझ्या छपरीसमोर रांग लागली होती. आदिलाबाद एकीकडे, मंचेरियल दुसरीकडे, निर्मल व आसिफाबाद आणखी निराळे. कोणाचे मंडल बदलले, कोणाच्या दाखल्यावर जुना जिल्हा राहिला, कोणाची सून एका जिल्ह्यातील आणि मुलगा दुसऱ्या. त्या महिन्यात मी जितके कागद लिहिले तितके उभ्या आयुष्यात लिहिले नसतील. गुरुजी त्या गर्दीत येऊन बाकावर बसले आणि म्हणाले, "काऊन एवढी गर्दी? जमीन हलली का?"

रांगेतला एक जण म्हणाला, "गुरुजी, जिल्हा हलला."

"अक्षांश हलला का?"

"तो कोन्या ऑफिसात मिळते?"

गुरुजी मनापासून हसले. मग त्यांनी सांगितले की ते निजामाच्या राज्यात जन्मले, हैदराबाद राज्यात शाळेत गेले, आंध्र प्रदेशात नोकरी करून निवृत्त झाले आणि आता पेन्शन तेलंगणात घेतात. "घर एकच. चार राज्यं फिरलो, बसचं तिकीट नाही लागलं." सीमेपलीकडे, पैनगंगेच्या त्या काठाला, त्यांची लेक दिली होती, तिकडे जाताना मात्र तिकीट लागते, असेही ते पुढे जोडीत.

आमचा एक जुना वाद होता, तो येथे नमूद करणे भाग आहे. बांधाच्या एका भांडणात माझ्या पक्षकाराने गुरुजींना साक्षीदार केले होते. त्यांचा जबाब मी तयार केला. "गेली तीस वर्षे मी सदर बांध आहे त्याच जागी पाहत आलो आहे," असे त्यात होते. माझ्या पक्षकाराचे इतर दोन साक्षीदारही तीसच वर्षे म्हणणार होते. आमच्या कामात हा पहिला नियम आहे. तीन माणसांनी तीन आकडे सांगितले की समोरचा वकील म्हणतो, पहा, यांचे यांच्यातच पटत नाही. साक्ष एकमेकींना टेकून उभी राहते. एक सरकली की तिन्ही कोसळतात.

गुरुजी तहसीलदारांसमोर उभे राहिले व म्हणाले, "तीस लिहिलं आहे, पण अठ्ठावीस. मधात दोन वर्षं माझी बदली उटनूरले होती. ते दोन वर्षं बांध कुठं होता, मले माहीत नाही."

प्रकरण लांबले. पक्षकार माझ्याशी वर्षभर बोलला नाही. मी गुरुजींना म्हणालो, "दोन वर्षांनी काय बिघडलं असतं?" ते म्हणाले, "बांधाचं काही नसतं बिघडलं. माझं बिघडलं असतं." मला त्याचा राग आला होता. तो पुष्कळ दिवस टिकला, हेही लिहून ठेवतो.

आकाश हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग नव्हता. तो शाळेपासूनचा होता. दुर्बिणीचा आरसा त्यांनी स्वतः घासून तयार केला होता. ओसरीवरच्या पिंपावर दोन काचा एकीवर एक ठेवून, मध्ये घासण्याची पूड व पाणी घालून, पिंपाभोवती फिरत फिरत. काशीबाई म्हणत की इतक्या फेऱ्या देवाला मारल्या असत्या तर देवच भेटायला आला असता. त्या उद्योगात शाळेतील अनेक मुले आली आणि पांगली. टिकला तो शंकर निकोडे. पुढे तो खाणीत फिटर झाला, मंचेरियलला राहू लागला, त्याची स्वतःची मुले शाळेत जाऊ लागली. तरी महिन्यातून एकदा गुरुजींना फोन करून तो आकाशाचा हिशेब देई. त्याच्याजवळ गुरुजींच्याच हाताखाली तयार झालेली दुसरी, थोडी लहान दुर्बीण होती.

त्या हिवाळ्यात हौशी निरीक्षकांच्या एका मंडळाकडून दोघांना सूचना आली. सूर्यमालेच्या पार कडेला असलेला, ज्याला नावाऐवजी आकडे आहेत असा एक गोळा, रोहिणीच्या पूर्वेकडील एका तांबूस ताऱ्याच्या आड येणार होता. गुरुजींनी मला ते असे समजावले : तारा इतका दूर आहे की त्याच्या उजेडात त्या गोळ्याची सावली जमिनीवर पडते, गोळ्याइतकीच रुंद, आणि ती वाऱ्यासारखी नव्हे, वाऱ्याच्या कितीतरी पट वेगाने देशावरून सरकत जाते. सावलीत आलेल्या गावाला तारा तेवढ्या वेळापुरता दिसत नाही. तो गोळा स्वतः एवढ्याशा दुर्बिणीत कधीच दिसणार नाही. पण तारा कोणत्या क्षणी गेला आणि कोणत्या क्षणी आला, एवढे मोजले की गोळ्याचे माप सांगता येते.

"न दिसणाऱ्याची मोजणी," मी म्हणालो.

"तुमच्या ऑफिसात रोज होते ते," गुरुजी म्हणाले.

मला त्यांनी पंच म्हणून बोलावले. वेचणी झालेल्या कापसाच्या पऱ्हाटीच्या कडेला दुर्बीण उभी केली होती. शेजारच्या शेतात उत्तम बोढे यांच्या विहिरीच्या मोटारीच्या खोपडीवर मोठा बल्ब होता. गुरुजींनी तो अर्धा तास बंद ठेवण्याची विनंती केली.

"गुरुजी, डुकरं येतात. बल्ब कसा बुजवू?"

"डुकरं म्या राखतो."

"तुमी तर वर पाहून राह्यले असान. डुक्कर खालून येते."

"बापू आहे ना. त्याले पाहून कोन्तं डुक्कर थांबन?"

बोढे हसत गेले आणि बल्ब विझवून परत आले. तेही मग पाहायला थांबले. एका मोबाईलवर दर सेकंदाला टक् असा आवाज करणारे अचूक घड्याळ लावले होते, दुसऱ्यावर आवाज मुद्रित होत होता. गुरुजी स्टुलावर बसून डोळा लावून होते. आम्हां तिघांना, काशीबाई, बोढे आणि मी, बोलण्याची मनाई होती. त्या वेळी माझ्या मनात फक्त थंडी होती, हे प्रामाणिकपणे सांगतो.

"गेला!" गुरुजी ओरडले.

त्यांचा आवाज इतका तरुण मी कधी ऐकला नव्हता. मग नुसती टक्-टक्. काशीबाईंनी माझी बाही धरली होती, हे मला नंतर कळले. सव्वीस टक् झाल्या.

"आला!"

आणि ते उठले नाहीत. डोळा तसाच ठेवून म्हणाले, "आला रे बावा. जसाच्या तसा आला." दहा मिनिटांनी मंचेरियलहून शंकरचा फोन आला. त्यालाही दिसले होते. गुरुजींनी त्याला आकडा विचारला नाही आणि स्वतःचाही सांगितला नाही. "कागदावर लिही, सही कर, पाठव. एकमेकांचं ऐकलं की कान डोळ्याले शिकवते," एवढेच म्हणाले.

शंकरचा कागद तिसऱ्या दिवशी बसच्या ड्रायव्हरजवळून लिफाफ्यात आला व थेट माझ्याकडे पोचता झाला. दोन्ही अहवाल मंडळाच्या नमुन्यात, टंकलिखित, सहीनिशी पाठवायचे होते आणि आमच्या गावात ते काम माझे. जिल्ह्याच्या रकान्यात गुरुजींपुढे आदिलाबाद आणि शंकरपुढे नवा मंचेरियल असे घालून मी दोघांची कोष्टके उतरवू लागलो. आणि थांबलो.

गुरुजींचा तारा सव्वीस सेकंद झाकला होता. शंकरचा एकोणीस. झाकल्याची वेळ गुरुजींच्या एका सेकंदाने नंतर, उघडल्याची सहा सेकंदांनी अगोदर.

एकतीस वर्षांत मी असे कागद शेकड्यांनी पाहिले आहेत. एक घटना, दोन साक्षीदार, दोन निराळे आकडे. असा कागद समोर गेला की दोघेही खोटे ठरतात. गुरुजी वडील, त्यांचे यंत्र मोठे, त्यांच्या मोजणीला मी स्वतः हजर. तेव्हा चूक शंकरची, हे मला उघड दिसले. तो माझाच गावकरी. त्याची फजिती होऊ नये म्हणून मी त्याच्या कोष्टकात गुरुजींच्या वेळा घातल्या. जे मी प्रत्येक पक्षकारासाठी करतो तेच केले. त्यासाठी कोणाकडून काही घेतले नाही, की कोणाला विचारलेही नाही.

गुरुजी सहीला आले. मी म्हणालो, "वाचून घ्या."

"तू वाचलं ना? नक्कल करणाऱ्यावर भरवसा नसन तर त्याच्याकडे कागद आणूच नाही मानसानं." आणि सही केली. शंकरने कोऱ्या नमुन्यावर सही करूनच पाठवली होती.

दीड महिन्याने मंडळाचे उत्तर शंकरच्या मोबाईलवर आले. त्याची छापील प्रत घेऊन तो सुटीच्या दिवशी स्वतःच बेल्याला आला. मला गुरुजींच्या ओसरीवर बोलावणे आले. शंकर उभाच होता. "सर, आपल्याले चोर म्हणून राह्यले ते," तो म्हणाला.

उत्तरात चोर हा शब्द नव्हता. भाषा सभ्य होती. शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावरील दोन ठिकाणी तारा नेमक्या त्याच सेकंदाला जाणे व त्याच सेकंदाला येणे संभवत नाही. एक अहवाल दुसऱ्यावरून उतरवलेला दिसतो. कोणता मूळ हे ठरवता येत नसल्याने दोन्ही बाजूला ठेवण्यात येत आहेत, असा मजकूर होता.

गुरुजींनी तो दोनदा वाचला. "बरोबर लिहिलं त्यायनं," ते म्हणाले. "दोन पेपर इतके सारखे आले असते तर म्या बी दोघायले शून्य देल्लं असतं."

"पण मी तर एकोणीस लिहिले होते, सर."

"किती?"

"एकोणीस. खाणीची शपथ."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिले नाही. घड्याळाकडेही पाहिले नाही. "बापू," ते म्हणाले, "बस्ता आण."

आमच्या कामात मूळ कागद फाडत नाहीत. बस्त्यात बांधून ठेवतात. शंकरचा कागद तीन मिनिटांत ओसरीवर आला. मी माझे कारण सांगितले, जसे वर लिहिले आहे तसेच. मला त्या वेळीही ते कारण योग्य वाटत होते.

"तुले वाटलं, दोन साक्षीदार भांडून राह्यले," गुरुजी म्हणाले. "ते भांडत नव्हते बापू. ते दोन ठिकाणी उभे होते."

मला ते समजले नाही. तेव्हा त्यांनी आत हाक मारून एक ज्वारीची भाकर मागवली. काशीबाई म्हणाल्या, "आता भाकरीचा बी पंचनामा?" पण आणून दिली. गुरुजींनी वातीच्या डब्यातला दोरा घेऊन भाकरीवर मधोमध ताणला. "हे बेला." दुसरा काठाजवळ ताणला. "हे मंचेरियल. मधातून भाकर मोठी, काठाले लहान. सावली माझ्यावरून मधाजवळून गेली, याच्यावरून काठाजवळून. माझे सव्वीस, याचे एकोणीस. दोन्ही खरे. दोन्ही निराळे हायेत म्हणूनच भाकर गोल आहे अन् केवढी आहे ते कळते. अन् सावली का सरकारी हुकूम आहे, एकाच टायमाले साऱ्या गावायले लागू व्हायले?"

शंकर हसला नाही. मीही नाही. भाकर ताटात तशीच होती, दोन दोरे घातलेली.

"तुमीच लिहून कळवा त्यायले," मी म्हणालो.

"म्या लिहिलं तर ते म्हणतीन, मास्तर पकडल्या गेला अन् नक्कल करणाऱ्याच्या गळ्यात घालून राह्यला. ज्यानं आकडा बदलला त्यानं लिहावं. तुझ्या सहीनं." मग शंकर बसस्टँडकडे गेल्यावर हळू आवाजात म्हणाले, "माझं जाऊ दे. मले पाहायले भेटलं. पण ते एकोणीस सेकंद त्या पोराचे होते, बापू. त्याच्या कॉलनीत त्यानं दहा लोकायले सांगितलं होतं."

मी लिहीन म्हणालो, आणि लिहिले नाही. कारण स्पष्ट आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या कागदात मी आकडे बदलले, असे माझ्याच सहीने लिहून दिल्यावर कोण माझ्या छपरीत येणार? शंकर पुढे फोन करी, पण आकाशाविषयी कमी बोले. दुर्बीण त्याने गुंडाळून माळ्यावर ठेवली, असे काशीबाईंकडून कळले.

गुरुजींनी मला त्यानंतर कधी टोकले नाही. बाकावर बसत, वेळ दुरुस्त करीत, कोणाचा अर्ज लांबला तर विनोद करीत. पण माझ्याकडे कागद म्हणून त्यांनी पुन्हा एकही आणला नाही. पेन्शनचा हयातीचा दाखलासुद्धा ते आदिलाबादला जाऊन करून घेत. ते दोन तासांचे जाणे आणि दोन तासांचे येणे मी छपरीतून पाहत असे.

शेवटचे दर्शन बसस्टँडवर झाले. प्रकृती खालावल्याने लेक त्यांना यवतमाळकडे घेऊन चालली होती. दुर्बिणीची नळी गोधडीत बांधून सीटवर आडवी ठेवलेली, आणि कंडक्टर तिचे तिकीट मागत होता.

"काय आहे याच्यात?"

"नळी."

"कशाची नळी?"

"पाहायची."

"मंग लेकरासारखी मांडीवर घ्या, नाहीतर अर्धं तिकीट काढा."

त्यांनी ती मांडीवर घेतली. मी खिडकीखाली उभा होतो. ते वाकून म्हणाले, "लिहिलं का?"

"लिहून राह्यलो, गुरुजी."

"बरं," ते म्हणाले. त्यांना खरे काय ते कळले असावे. चेहऱ्यावरून मला ठरवता आले नाही. "तो तारा काही पुन्हा झाकून दाखवत नाही. पण शंकर आहे. तो आहे तवर लिही." बस सुरू झाली तेव्हा त्यांचा एक तळहात नळीवर होता आणि दुसरा, सवयीने, वर करून ते वेळ पाहत होते. मी हात हलवला. त्यांनी तो पाहिला की नाही, ठाऊक नाही. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या मृत्यूचा निरोप आला.

म्हणून हे लिहीत आहे, आणि पुढील मजकूर माझ्या सहीचा समजावा. सदर निरीक्षणाची नोंद ज्यांच्याकडे आहे त्या मंडळास मी कळवितो की बेला व मंचेरियल येथील दोन्ही अहवाल स्वतंत्रपणे व खरेपणाने घेतलेले होते. मंचेरियलच्या अहवालातील वेळा मी, बापूराव महादेव काळे, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या समजुतीने बदलल्या. शंकर निकोडे यांच्या हस्ताक्षरातील मूळ कागद व गुरुजींच्या वहीतील पान सोबत जोडले आहे. शंकरने आपल्या मोजणीचा मुद्रित केलेला आवाज त्याच्याजवळ अद्याप आहे, तो ऐकावा. गुरुजींचे निरीक्षण आता स्वीकारले गेले काय नि न गेले काय, ते मला विचारणार नाहीत. परंतु शंकर निकोडे हयात आहे. त्याचे एकोणीस सेकंद त्याच्या नावावर चढवावेत, आणि तसे केल्याचे चार ओळींचे उत्तर मला न पाठवता, त्याच्या मंचेरियलच्या पत्त्यावर, त्याच्याच नावाने पाठवावे, इतकीच या अर्जदाराची मागणी आहे.

(सही) बापूराव महादेव काळे